तिसऱ्यातून दुसऱ्यात

आमच्या इमारतीच्या फाटकाआधी एक वळण आहे. वळण तसं अवघड नाही, पण त्याला लागूनच चढ आहे, त्यामुळे तिथे मोटरसायकलचा गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणावाच लागतो. बहुतेक लोक तो आणतात तेव्हा गाडी कुरकुरते, मान खाली घालते, मागे बसलेल्याचं डोकं पुढच्याच्या पाठीवर आपटतं, आणि मग सगळे जण काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आत येतात. माझे बाबा तो गिअर टाकायचे तेव्हा मात्र गाडी आधी एक हुंकार द्यायची. छोटासा, एकदम वर जाऊन तिथेच थांबलेला. पुढच्या क्षणी ती दुसऱ्यात गेलेली असायची. धक्का नाही, कुरकुर नाही.

तो हुंकार ऐकला की वर आई चहाचं आधण ठेवायची, मी कानामागची पेन्सिल काढून टेबल आवरायला घ्यायची, आणि तळमजल्यावरचे साहेब खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "अहो, आवाज!"

"दुरुस्त करतो, साहेब!" बाबा म्हणायचे.

मला समजायला लागल्यापासून हा संवाद चालू होता. साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासल्यामुळे जगात सगळीकडे थोडं थोडं जास्त होतंय अशी त्यांची खात्री होती, आणि बाबांचा हुंकार नेमका त्यांच्या संध्याकाळच्या डुलकीवर पडायचा. बाबांनी कधी काही दुरुस्त केलं नाही, कारण बिघडलेलं काही नव्हतंच. साहेबांनीही ओरडणं सोडलं नाही. दोघांचं उत्तम चाललं होतं.

बाबा हिवाळ्यात गेले. गाडी खाली उभी राहिली. आईने तिच्यावर एक जुनी चादर टाकली आणि जाता-येता त्या चादरीकडे न बघण्याची सवय करून घेतली. मी तशी सवय केली नाही, पण मीही बघत नव्हते.

मग एक दिवस काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हिशेबी नाहीत, पण वस्तू वापरात असावी या मताचे.

"उभी गाडी सडते, वहिनी," ते म्हणाले. "टायर जातात, टाकीला गंज चढतो. मी नेतो, मी चालवतो. दादाची गाडी घरातच राहील."

यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. आई म्हणाली, "न्या."

मी म्हणाले, "मी चालवेन."

मी हे का बोलून गेले ते मलाही कळलं नाही. माझ्याकडे बिनगिअरची स्कूटर होती, आणि ती चालवायला लागते त्याहून जास्त अक्कल शिवणयंत्राला लागते. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या वाक्यांतले काने-मात्रे वेचायचे, हा माझा धंदा. काका हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

"तुला गिअर येतात का गं?"

"शिकेन."

"भाऊजी, थांबा जरा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "नुसती चालवून नाही चालायचं. मला मागे बसवायचं, बाजारापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. माझं डोकं तुझ्या पाठीवर आपटलं, तर गाडी भाऊजींची."

"एकदासुद्धा?"

"तुझ्या बाबांच्या मागे इतकी वर्षं बसले. एकदासुद्धा आपटलं नाही."

झालं. काकांनी महिन्याचा शेवटचा रविवार मुक्रर केला. त्या दिवशी ते टेम्पो घेऊन येणार, आणि टेम्पो भरून जाणार की रिकामा, हे माझ्या आईच्या डोक्याने ठरवायचं होतं.

इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीखाली एक मोकळं मैदान आहे. तिथे मी चादर काढलेली गाडी ढकलत नेली. किक मारणे या प्रकाराबद्दल मी फार लिहिणार नाही. इतकंच सांगते की त्या गाडीला माझा पाय पसंत नव्हता आणि तिने तो परत पाठवला. मग हळूहळू गाडी सुरू झाली, पुढे सरकली, पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. वर जाणं सोपं होतं. खरं तर इतकं सोपं होतं, की बाबांबद्दलचा माझा आदर क्षणभर जरा कमीच झाला.

मग मी क्लच दाबला, डाव्या पायाने तिसऱ्याचा दुसरा केला आणि क्लच सोडला.

कोणीतरी मागून शेपूट धरल्यासारखी गाडी थांबली. मी थांबले नाही. मी पेट्रोलच्या टाकीवर गेले.

टाकीवर पालथी पडल्या पडल्या मला जे वाटलं, ते दुखण्यापेक्षा वेगळं होतं. मला प्रश्न पडला. हे तर सगळ्यांचंच होतं. मग बाबांचं का होत नव्हतं? ते उजव्या हाताने काय करायचे? लहानपणी याच टाकीवर त्यांच्या दोन हातांच्या मधे बसून मी हजारदा तो हुंकार ऐकला होता, आणि मला वाटायचं की गाड्या तशाच असतात. भूक लागली की पोट बोलतं, तशी वळणावर गाडी बोलते.

आधी मी मेकॅनिककडे गेले. आमच्या चौकातला मेकॅनिक प्रेमळ माणूस आहे आणि कोणत्याही प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर आहे.

"गिअर कमी करताना झटका बसतो," मी म्हणाले.

"केबल बदलू," तो म्हणाला.

"पण बाबा चालवायचे तेव्हा बसत नव्हता."

"तेव्हा केबल नवी होती."

केबल बदलली. झटका तसाच राहिला. मी पुन्हा गेले. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला हलकी लाथ मारली, बराच वेळ आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, दुसरी केबल बदलू."

मग मी माझ्या सवयीच्या रस्त्याने गेले, म्हणजे वाचायला बसले. इंजिनांवरची पुस्तकं आणली, जुनी, तेलकट डागांची, आतल्या आकृत्यांना कोणीतरी मिशा काढलेली. त्यात उत्तर होतं आणि ते फार सुंदर होतं. वरच्या गिअरमध्ये इंजिन सावकाश फिरून चाक जोरात फिरवतं. खालच्या गिअरमध्ये तेवढ्याच वेगाला इंजिनाला जास्त भराभर फिरावं लागतं. तुम्ही गिअर बदलून क्लच सोडता तेव्हा इंजिन बिचारं अजून जुन्याच चालीत असतं. चाक त्याला फरफटत नव्या चालीत आणतं. ती फरफट म्हणजे झटका. म्हणून क्लच दाबलेला असतानाच उजव्या हाताने थोडी रेस द्यायची, इंजिनाला आधीच त्या चालीवर न्यायचं आणि मग क्लच सोडायचा. ज्याच्याबरोबर चालायचंय त्याची चाल आधी पकडायची, एवढंच.

मी आईला हे स्वयंपाकघरात, मोठ्या डब्याचं झाकण आणि छोट्या डब्याचं झाकण एकमेकांना लावून समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"समजलं?" मी विचारलं.

"समजलं. झाकणं लाव आता. मुंग्या येतील."

समजणं आणि येणं यांत फरक आहे, हे मी मुद्रितांमध्ये अनेकदा वाचलेलं वाक्य. त्यात एकही चूक कधी सापडली नव्हती. क्लच डाव्या हाताने, गिअर डाव्या पायाने, रेस उजव्या हाताने, त्याच उजव्या हाताच्या दोन बोटांनी ब्रेक, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. माझे हातपाय आळीपाळीने काम करणारे. एका वेळी सगळ्यांना बोलावलं की कोणीच यायचं नाही. रेस दिली की ब्रेक सुटायचा. ब्रेक धरला की रेस विसरायची. एकदा सगळं केलं आणि हॉर्न वाजला.

यात परवान्याचंही उरकायचं होतं. माझा परवाना बिनगिअरचा. परवाना कार्यालयात खिडकीपलीकडे एक गृहस्थ होते, त्यांच्या टेबलावर शिक्के मापाप्रमाणे लावलेले, आई-बाप-मुलं रांगेत उभी असल्यासारखे.

"परीक्षेला गाडी कोणती आणणार?"

"वडिलांची."

"मग मालकाची संमती लागेल. त्यांना घेऊन या."

"ते वारले."

गृहस्थांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. "फार वाईट झालं," ते म्हणाले. एक शिक्का सरळ केला. मग म्हणाले, "म्हणजे संमती नाही असं धरायचं का?"

मी म्हणाले, असती तर त्यांनी दिली असती. गृहस्थ म्हणाले, सगळेच असं म्हणतात. शेवटी असं निघालं की गाडी आधी वारसाच्या नावावर झाली पाहिजे, वारस म्हणजे आई, आणि मग आई मला संमती देईल. दुसऱ्या खेपेला मी आईला घेऊन गेले. गृहस्थांनी कागद उलटेपालटे केले आणि चष्म्यावरून आईकडे बघितलं.

"मोटरसायकल तुमच्या नावावर करायची? तुम्हाला चालवता येते?"

"मला मागे बसता येतं," आई म्हणाली.

त्यांनी बराच विचार केला. ते लिहायला कुठे रकाना नव्हता. मग शिक्क्यांतला बापाच्या आकाराचा शिक्का उचलून त्यांनी तो कागदावर दाबला.

परीक्षा मी उत्तीर्ण झाले. परीक्षा म्हणजे एका आवारात इंग्रजी आठच्या आकारात, पाय न टेकवता, पहिल्या गिअरमध्ये फिरायचं. दुसऱ्या गिअरचा कोणी विषयसुद्धा काढला नाही. वर चढलेल्या माणसाने खाली यायचं कसं, याबद्दल सरकारला काही म्हणायचं नव्हतं. मला गिअरची मोटरसायकल चालवण्याचा अधिकृत, छायाचित्रासह, अधिकार मिळाला, आणि दुसऱ्याच सकाळी मैदानात मी पुन्हा टाकीवर गेले.

मग मला वाटलं की हातापायांना आधी कोरडी तालीम द्यावी. खाली पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून मी बसायची आणि क्रम गिरवायची. क्लच, रेस, गिअर, क्लच. बंद इंजिन आवाज करत नाही, आणि आवाजाशिवाय रेस किती द्यायची ते कळत नाही, म्हणून आवाज मी तोंडाने काढायची. आधी तिसऱ्याचा, खालच्या पट्टीत घुमणारा. मग हुंकार. मग दुसऱ्याचा. मी हे डोळे मिटून करायची, कारण उघड्या डोळ्यांनी ते केल्यावर माझं मलाच बघवलं नसतं.

आता हे इतरांच्या बाजूने बघा. घरातला माणूस गेलेला. मुलगी कोणासमोर एकदाही रडलेली नाही. आणि आता ती रोज सकाळी बापाच्या बंद मोटरसायकलवर डोळे मिटून बसते आणि तोंडाने घरघर करते.

इमारतीत कुजबुज सुरू झाली. जिन्यात माझ्यासाठी वाट सोडली जाऊ लागली. पहिल्या मजल्यावरून न मागता फळं आली. आणि एका सकाळी, नेमकी मी तिसऱ्यात असताना, खांद्यावर हात पडला. तळमजल्यावरचे साहेब होते. हातात पाण्याचा पेला.

"रडून घे, बाळ," ते म्हणाले.

"मी रडत नाहीये, काका. मी दुसरा गिअर टाकतेय."

"तेच ते," साहेब म्हणाले आणि पेला माझ्या हातात दिला.

मी पाणी प्यायले. साहेब गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्यावर फार झोंबलं, की गेले कित्येक दिवस मी येता-जाता त्यांच्या खिडकीखाली गाडीचे असे हाल करत होते की मेलेला माणूस उठून बसावा. चढावर इंजिन किंचाळायचं, गिअर खडखडायचा, गाडी बंद पडायची, पुन्हा किक. आणि साहेबांनी एकदाही खिडकी उघडली नव्हती. ते खिडकी लावून घेत होते. हळूच, मला ऐकू जाणार नाही अशी. म्हणजे बाबांचा आवाज तक्रारीच्या योग्यतेचा होता आणि माझा सहानुभूतीच्या.

एकदा तर रेस जास्त झाली. क्लच सुटला आणि गाडी उडी मारून थेट त्यांच्या खिडकीखालच्या कुंड्यांत शिरली. दोन कुंड्या फुटल्या. मी हेल्मेट काढून शिक्षेची वाट बघत उभी राहिले. साहेब बाहेर आले, मातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"असू दे. जुन्याच होत्या."

"काका, तुम्ही मला ओरडा ना."

"छे, छे. तुला काय ओरडायचं." आणि ते मातीतून रोपं उचलायला लागले. मीही खाली बसून उचलू लागले. अपमान गिळायला मातीत हात घालण्यासारखी दुसरी जागा नाही.

रविवार जवळ येत चालला होता. वाट लागली होती ती अशी, की कधी रेस कमी पडायची आणि गाडी मान टाकायची, कधी जास्त व्हायची आणि ती उधळायची. नेमकी किती, हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. आणि त्याचं उत्तर आलं ते वरच्या मजल्यावरून, जिथून मला ते अजिबात नको होतं.

वर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. सडेतोड. माझी तोंडी तालीम त्यांना खिडकीतून ऐकू जायची, आणि इमारतीत त्या एकट्याच होत्या ज्यांना माझी दया आली नव्हती. एक दिवस त्या तरातरा जिना उतरून खाली आल्या.

"अगं, किती बेसूर!"

"मी गात नाहीये, बाई."

"ते कळतंय! पण वडिलांचा काढतेयस ना तो आवाज? मग नीट काढ. ते इतकं वर नव्हते जात. मी वीस-बावीस वर्षं ऐकलाय तो, रोज शिकवणीच्या मधोमध. माझी अर्धी शिष्यमंडळी त्यावरून सूर लावायची." त्यांनी डोळे मिटले आणि गळ्यातून तो काढला. तिसऱ्यातली घरघर, मग हुंकार, नेमक्या उंचीवर जाऊन थांबलेला.

मी टाकीवर हात ठेवला आणि टाकीकडेच बघत राहिले.

"बघ," बाई म्हणाल्या. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही, हे मी त्यांना कायम मानेन. "तू काय करतेस, हाताने मोजतेस. हात मोजून सूर लागतो का? दुसऱ्या गिअरचा सूर माहितेय ना तुला? चढावर ऐकतेसच. मग तो आधी कानात धर. इंजिन त्या सुराला आलं की आत शीर. आलं नाही तर थांब. घाई कसली? तुझे वडील तरी कुठे घाई करायचे."

पुस्तकात हेच होतं, फक्त आकड्यांत. मी मैदानात गेले. हाताला विसरले आणि कानात दुसऱ्याचा सूर धरला. क्लच दाबला, इंजिनाला वर येऊ दिलं, ते सुराला लागलं असं वाटलं तसा क्लच सोडला. गाडी दुसऱ्यात गेली. टाकीवर कोणी गेलं नाही. मी इतकी चकित झाले की समोरची भिंत विसरले. पण भिंतीआधी वाळूचा ढीग होता, त्यामुळे त्याबद्दल वेगळं सांगत नाही.

तर हे दहातून चार वेळा जमायला लागलं आणि रविवार उजाडला.

काका टेम्पो घेऊन आले. टेम्पोवाल्याने फळी लावून ठेवली. साहेब फाटकाशी उभे होते, चेहऱ्यावर दवाखान्याबाहेर थांबल्याचा भाव. वरच्या खिडकीत बाई. आईने हेल्मेट घातलं, पर्स दोघींच्या मधे ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली. ती किती हलकी झाली होती, हे गाडीच्या मागच्या स्प्रिंगांनी मला सांगितलं.

"सावकाश," काका म्हणाले. "हरलीस तरी चहा पिऊनच जाईन."

बाजारापर्यंत जाताना मला गिअर कमी करायची वेळच आली नाही; म्हणजे आली, पण मी ती येऊ दिली नाही. गाडी तिसऱ्यात घुसमटत, खोकत गेली. आईने पहिल्या चौकात पर्स सावरली. दुसऱ्या चौकात म्हणाली, "अशी अख्खं गाव तिसऱ्यात फिरणार आहेस का?"

बाजारापाशी गाडी वळवली. परतीच्या रस्त्यावर सिग्नलआधी मी धीर केला. सूर धरला, क्लच, रेस. सूर लागला नाही, थोडा खालीच राहिला. हात मात्र थांबला नाही. क्लच सुटला.

टक.

आईचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर.

सिग्नल लाल होता. मी पाय टेकवले. समोर रस्ता धुरकट दिसायला लागला, म्हणून हेल्मेटची काच वर केली. काचेला काही झालेलं नव्हतं.

"झालं," मी म्हणाले. "गाडी काकांची."

मग आई हसत असल्याचं मला पाठीला कळलं. किती तरी महिन्यांनी.

"अट काय होती? डोकं तुझ्या पाठीवर. हे हेल्मेटवर आपटलं. आणि ऐक, आज मी मुद्दाम सैल बसलेय," ती म्हणाली. "परीक्षा ना तुझी."

"सैल म्हणजे?"

"तुझ्या बाबांच्या मागे मी सैल बसत नव्हते. ते हुंकार द्यायच्या आधी त्यांची पाठ जरा ताठ व्हायची. ती झाली की मी मांड्या आवळून मागे रेलायची. मग नाही आपटत डोकं."

मी मान वळवली. हेल्मेटमध्ये जेवढी वळते तेवढी. "म्हणजे धक्का बसायचा?"

"बसायचा की. पहिल्या वर्षी तर माझं नाक कायम लाल. मग सुधारले ते. चांगलेच सुधारले. पण थोडासा राहिलाच होता, शेवटपर्यंत."

"तू सांगितलं नाहीस?"

"कशाला? किती खूश असायचे वळण घेतल्यावर. म्हणायचे, बघ, कळलं तरी का गिअर कधी पडला ते? मी म्हणायची, छे, मुळीच नाही."

मागचा ट्रक कोकलायला लागला. सिग्नल हिरवा झालेला होता.

मी गाडी पुढे काढली, पण माझं निम्मं डोकं सिग्नललाच राहिलं. ज्या हाताचं कोडं मी महिनाभर सोडवत होते, त्याचा निम्मा भाग त्या हातात नव्हताच, मागच्या सीटवर होता. पुस्तकांत हे येणं शक्य नव्हतं. पुस्तकांतल्या आकृत्यांत मागे कोणी बसलेलं नसतं.

"आई, ही पाठ ताठ होणं, ते मुद्दाम करायचे का? तुला कळावं म्हणून?"

"मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखी, "मुद्दामच करत असतील का गं?"

आम्ही दोघी पेट्रोल पंपापर्यंत त्याचाच विचार करत आलो.

आमचं वळण दिसलं. चढ दिसला. फाटकात टेम्पोची फळी दिसली. मी कानात दुसऱ्याचा सूर धरला, बाईंनी काढून दाखवलेला. आणि पाठ ताठ केली.

माझ्या खांद्यावरचा आईचा हात घट्ट झाला आणि तिचं वजन मागे गेलं.

क्लच. रेस. इंजिन वर चढलं, सुराला आलं, तिथे थांबलं. मी आत शिरले.

धक्का बसला की नाही, ते मला विचारू नका. बसला असेल तर तो आईने खाल्ला. मला एवढंच ऐकू आलं, की वळणावर गाडी एकदा हुंकारली, छोटंसं, आणि तळमजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

साहेब मघाशी फाटकाशी उभे होते. आमची वाट बघून ते आत गेले असावेत आणि खुर्चीत डोळा लागला असावा. कारण खिडकीतून बाहेर आलेलं डोकं अर्धवट झोपेतलं होतं, केस एका बाजूला उभे, आणि ते पूर्ण जुन्या जोमाने ओरडलं,

"अहो, आवाज!"

मग त्यांनी डोळे उघडले. गाडी बघितली. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडंच राहिलं आणि चेहऱ्यावर भयंकर काहीतरी करून बसल्याचा भाव पसरला. फाटकात काका हातातला दोर धरून जागच्या जागी उभे. वरच्या खिडकीत बाईंचा हात तोंडावर.

इंजिन तेवढं टुकटुक करत होतं.

आई सावकाश खाली उतरली. हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि खिडकीकडे वळली.

"दुरुस्त करते हं, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि ते माझ्यावर, नेमके माझ्यावर, पूर्ण आवाजात खेकसले,

"वर्षानुवर्षं तेच ऐकतोय मी! आणि माझ्या कुंड्यांचं काय?"

महिनाभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

काकांनी दोर गुंडाळून टेम्पोत टाकला आणि टेम्पोवाल्याला फळी काढायला सांगितली. मी गाडी स्टँडवर लावली. चादर तिथेच कोपऱ्यात घडी होऊन पडली होती, ती आईने उचलली, झटकली आणि धुवायला टाकण्यासाठी वर घेऊन निघाली. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली,

"आधण कोणी ठेवलं नसेल आज. मीच गाडीवर होते ना."